इंदुरात घर बांधताय? हीटरआधी गच्चीकडे बघा

नव्या घराचा नकाशा हातात आला की इंदूरच्या मराठी घरांतून हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: थंडीसाठी घर गरम ठेवायची सोय आताच करून घ्यावी का? कॅनडातला मुलगा सांगतो, फरशीखाली हीटिंग टाका. दिल्लीचे मेहुणे म्हणतात, हॉट-अँड-कोल्ड एसी घ्या. ठेकेदाराच्या मते एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक लावले की काम झालं, आणि काचेचा दुकानदार दुहेरी काचांचे नमुने घेऊन दारात उभा असतो. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी खरं असतं, पण इंदूरच्या हवेत आणि तुमच्या बजेटमध्ये त्यातलं किती बसतं हे कुणी सांगत नाही.

खर्चाचा क्रम आधीच सांगून टाकतो. पहिला पैसा गच्चीवर, दुसरा पश्चिमेच्या भिंतीवर आणि खिडक्यांच्या सावलीवर, तिसरा गरम पाण्यावर. खोली गरम करणारं यंत्र सगळ्यात शेवटी, आणि तेही एका-दोन खोल्यांपुरतं.

इंदूरची थंडी नेमकी किती?

समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवरचं हे पठार. शब-ए-मालवाची, म्हणजे मालव्यातल्या रात्रीची, कीर्ती उगाच झालेली नाही. दिवसभर कितीही तापलं तरी रात्री इथे हवा निवते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान दहा अंशांच्या आसपास असतं, एखादी लाट आली की पाचाच्याही खाली जातं. पण त्याच दिवशी दुपारी बाहेर पंचवीस-सव्वीस अंश आणि लख्ख ऊन असतं. म्हणजे खरी थंडी संध्याकाळपासून सकाळी नऊपर्यंतची, आणि तीही जेमतेम दोन महिने. उन्हाळा मात्र मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत मुक्काम ठोकतो आणि पारा चाळीसच्या वर नेतो.

केंद्र सरकारच्या इमारतविषयक संहितांमध्ये इंदूर ‘संमिश्र’ हवामानाच्या गटात येतं. याचा तुमच्यापुरता अर्थ असा की मे महिन्यात उष्णता आत येऊ नये आणि जानेवारीच्या रात्री ती बाहेर जाऊ नये, अशी दोन्ही कामं एकाच वस्तूकडून करून घ्यायची. ती वस्तू म्हणजे उष्णतारोधक थर. फरशीखालचं हीटिंग वर्षातले दहा महिने निरुपयोगी पडून राहतं. तो विचार सोडून द्या.

मानक कोणतं धरायचं?

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ आणली. त्यातले दोन आकडे लक्षात ठेवा:

- छताचं यू-मूल्य १.२ पेक्षा जास्त नको. छताच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता जाते ते हा आकडा सांगतो. तो जितका लहान तितकं छत चांगलं.
- छत सोडून भिंती-खिडक्यांमधून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटपेक्षा जास्त नको. या आकड्याला आरईटीव्ही म्हणतात. तो तुमच्या वास्तुविशारदाने काढायचा आहे. तुम्ही फक्त मागा.

छोट्या बंगल्याला यातलं काही सक्तीचं नाही. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्याने निवासी इमारतींना संहितेच्या कक्षेत आणलं, पण ती मर्यादा १०० किलोवॅट जोडभारापासून सुरू होते (राज्यांना ती खाली आणता येते). तेव्हा तुमचा नकाशा मंजूर करताना नगर निगम हे विचारेल अशी अपेक्षा ठेवू नका. विचारायचं तुम्हालाच आहे.

गच्ची: इथे हात आखडू नका

इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे, त्यामुळे जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. भिंतींवर तेव्हा ऊन तिरपं पडतं, गच्चीवर सरळ. वरच्या मजल्याच्या खोल्या रात्री अकरालाही का धगधगतात त्याचं कारण हेच: स्लॅब दिवसभर उष्णता साठवते आणि रात्री ती तुमच्या पलंगावर सोडते.

नुसत्या सहा इंची स्लॅबचं यू-मूल्य तीनच्या वर असतं. बारा बाय चौदाच्या बेडरूमचा हिशेब करून बघा. छत साधारण साडेपंधरा चौरस मीटर. गडद, तापलेली गच्ची आणि आतली खोली यांत तीस अंशांचा फरक धरला, तर छतातून सुमारे दीड किलोवॅट उष्णता आत येते. मे महिन्यात कुणीतरी छताला ब्लोअर टांगून चालू ठेवावा, तसं हे आहे. त्याच छतावर पन्नास मिलिमीटर एक्सपीएस (एक्सट्रूडेड पॉलिस्टायरिन, कडक फोमच्या शीट) टाकलं की हा आकडा अडीचशे वॅटच्या आत येतो. जानेवारीच्या रात्री हाच थर खोलीची ऊब वर निसटू देत नाही.

पर्यायांचे साधारण आकडे असे:

- नुसती स्लॅब आणि गिलावा: यू-मूल्य ३ च्या वर
- स्लॅबवर चार इंच वीटबॅट कोबा: सव्वादोनच्या आसपास
- स्लॅबवर २५ मिमी एक्सपीएस: ०.९ च्या आसपास
- स्लॅबवर ५० मिमी एक्सपीएस: ०.५ च्या आसपास

यातली दुसरी ओळ पुन्हा वाचा. ‘कोबा टाकलाय, आता गरम होणार नाही’ हे ठेकेदाराचं ठरलेलं वाक्य. कोबा पाणी अडवतो आणि गच्चीला उतार देतो. उष्णता अडवण्यात तो संहितेच्या निम्म्या वाटेलाही पोहोचत नाही. पंचवीस मिलिमीटरचा थर १.२ ची अट पूर्ण करतो. माझ्या मते तरीही पन्नास घ्यावा. मजुरी, कोबा, टाइल्स यांचा खर्च दोन्हींत सारखाच असतो, वाढतो तो फक्त शीटचा.

थर टाकताना क्रम चुकला तर पैसे वाया जातात:

१. स्लॅबला पाइपांकडे नीट उतार करून घ्या.
२. त्यावर वॉटरप्रूफिंग करा आणि गच्चीत पाणी कोंडून चाचणी घ्या. गळती आता सापडली तर सापडली. नंतर सगळं उखडावं लागतं.
३. त्यावर एक्सपीएसच्या शीट, सांधे एकमेकांत बसतील अशा, फटी न ठेवता.
४. वर जिओटेक्स्टाइलचं कापड, मग जाळी घालून काँक्रीटचा पातळ थर.
५. शेवटी पांढऱ्या टाइल्स किंवा चायना मोझॅक.

स्वस्तात पडतं म्हणून एक्सपीएसऐवजी साधा थर्माकोल, म्हणजे ईपीएस, घालायचा असेल तर तो वॉटरप्रूफिंगच्या खाली गेला पाहिजे, कारण तो पाणी धरतो. ओला थर उष्णता अडवत नाही. फवारून लावायचा पॉलियुरेथेन फोम (पीयूएफ) हाही चांगला, पण त्याला ऊन सोसत नाही. वर आच्छादन नसेल तर तो भुरभुरतो. आतून फॉल्स सीलिंगच्या वर थर घालणं हा तयार घरासाठीचा उपाय आहे. नवं घर बांधताना थर वरूनच हवा, म्हणजे स्लॅब स्वतः तापत नाही आणि तडेही कमी जातात.

पाण्याच्या टाकीचे पाय थेट शीटवर टेकवू नका. टाकी, सोलर हीटर, पॅनलचे सांगाडे यांच्यासाठी स्लॅबमधूनच छोटे ओटे उचलून घ्या आणि थर त्यांच्या भोवतीने न्या.

*‘पुढे वरचा मजला चढवायचा आहे’* असं म्हणून बरेच जण हे काम टाळतात. पाच वर्षांत नक्की चढवणार असाल तर सध्या उतार, वॉटरप्रूफिंग आणि पांढरा परावर्तक रंग एवढंच करा. कधी चढवणार हे ठरलेलं नसेल तर शीट सुट्या ठेवून वर सुट्या टाइल्स मांडा. वेळ आली की दोन्ही उचलून नव्या गच्चीवर नेता येतात.

पांढऱ्या रंगाने हिवाळ्यात घर जास्त गार पडेल, ही भीती इंदुरात धरू नका. दुपारचं ऊन खिडकीतून घेता येतं. मात्र पांढरेपणा धुळीने जातो. पावसाळ्यानंतर आणि होळीच्या आधी गच्ची धुऊन घ्या.

भिंती: सगळ्या सारख्या नसतात

वीस बाय पन्नासच्या प्लॉटवर दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत लागलेली असेल, तर ऊन लागतं ते पुढच्या आणि मागच्या भिंतीला. महागडं साहित्य चारही बाजूंना लावण्याची गरज नाही. स्वतंत्र बंगला असेल तर पश्चिमेची भिंत पहिली, कारण तिच्यावर दुपारी तीननंतरचं आडवं ऊन पडतं. जमलं तर त्या बाजूला जिना, स्टोअर, न्हाणीघर ठेवा. बेडरूम नको.

नऊ इंची विटेच्या भिंतीचं यू-मूल्य दोनच्या आसपास असतं, आठ इंची एएसी ब्लॉकचं पाऊणच्या आसपास. फ्लाय ॲश वीट साध्या विटेपेक्षा पर्यावरणाला बरी, पण उष्णता अडवण्यात तिच्यात फारसा फरक नाही. एएसी घेणार असाल तर या गोष्टी मिस्त्रीला काम सुरू होण्यापूर्वी सांगा:

- सांध्याला जाड सिमेंट-वाळू लावू नका. ब्लॉकसाठीचा पातळ चिकट मसाला वापरा.
- कॉलम-बीम आणि ब्लॉक जिथे मिळतात तिथे गिलाव्याआधी जाळी ठोका. तडे तिथेच जातात.
- ब्लॉक पावसात भिजत पडू देऊ नका.
- गीझर, टांगती कपाटं यांच्या जागा आधी ठरवा. त्या ठिकाणी योग्य अँकर हवेत. साधा खिळा धरत नाही.

ब्लॉक हलका असल्याने पायावरचा भार कमी होतो, हा आपल्या काळ्या मातीत लाभच. पण पाया उथळ असेल तर कोणतीही भिंत तडकेल. त्याचा दोष ब्लॉकला देण्यात अर्थ नाही.

भिंतीतच थर असलेलं बांधकाम बघायचं असेल तर शहरातच नमुना आहे. कनाडिया भागातला ‘लाइट हाउस’ प्रकल्प, १,०२४ घरांचा, १ जानेवारी २०२१ रोजी पायाभरणी झालेला. त्यात पोलादी सांगाडा आणि कारखान्यात तयार केलेले सँडविच पॅनल वापरले आहेत. एकट्या बंगल्यासाठी हे तंत्र शोधत बसू नका, त्याचं गणित मोठ्या संख्येवर जमतं.

खिडक्या आणि छज्जा

दक्षिणेची खिडकी हा इंदूरचा फुकटचा हीटर आहे. चार फूट उंच खिडकी घ्या आणि तिच्या अगदी वर दोन फुटी छज्जा. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी बारा वाजता सूर्य साधारण ६७ अंशांवर असतो, तेव्हा छज्ज्याची सावली पूर्ण खिडकी झाकते. पुढे एप्रिल-मेमध्ये ऊन खिडकीला शिवतही नाही. डिसेंबरच्या शेवटी तोच सूर्य ४४ अंशांवर उतरतो आणि खिडकीचा खालचा अर्धा भाग उन्हाने भरतो. आजी-आजोबांची खोली दक्षिणेला ठेवा, दुपारी पडदे उघडा, सूर्य मावळताच जाड पडदे ओढा. थंडीचा मोठा भाग इथेच निभावतो.

पश्चिमेला छज्जा उपयोगी नाही, कारण ऊन त्याच्या खालून येतं. तिथे उभी पाती, जाळी, बाहेरून सोडलेली बांबूची चिक किंवा झाड हवं. चिक आतून लावली तर काच ओलांडून आलेली उष्णता खोलीतच राहते.

दुहेरी काचा? रस्त्याच्या गोंगाटासाठी घ्यायच्या तर जरूर घ्या. उन्हासाठी आधी बाहेरची सावली करा. त्यातून उरलेल्या पैशांत खिडक्यांच्या फटींना चांगल्या रबरी पट्ट्या लावून घ्या. जानेवारीतला बोचरा वारा फटींतूनच येतो. समोरासमोर खिडक्या ठेवा म्हणजे उन्हाळ्यातली रात्रीची गार हवा घरातून फिरेल, आणि कूलरसाठी एक जागा नकाशातच काढा. कोरड्या मे महिन्यात कूलर उत्तम चालतो.

गरम पाणी: रोजची खरी गरज

हीटर वर्षातून पन्नास-साठ रात्री लागतो, गरम पाणी त्याहून कितीतरी जास्त दिवस. शंभर लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला साडेतीन युनिट वीज लागते. गीझर कोणत्याही कंपनीचा असो, हा आकडा बदलत नाही; स्टार जास्त असले तर साठवलेल्या पाण्याची उष्णता कमी वाया जाते, इतकंच.

- सोलर वॉटर हीटर: चार-पाच माणसांच्या घराला १०० ते १५० लिटरचा पुरतो. तोंड दक्षिणेला, कल सुमारे ३५ ते ४० अंश, म्हणजे हिवाळ्यात जास्त ऊन मिळतं. नर्मदेचं पाणी असेल तर काचनळ्यांचा चालेल. बोअरचं असेल तर आधी पाण्याचा कठीणपणा तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही स्वीकार्य मर्यादा आहे. तुमचं पाणी त्याच्या बरंच वर असेल तर हीट एक्स्चेंजर असलेला फ्लॅट प्लेट प्रकार घ्या, नाहीतर नळ्यांत क्षार साचतात.
- हीट पंप वॉटर हीटर: त्याच पाण्याला साधारण एक तृतीयांश वीज. किंमत जास्त, मोठ्या कुटुंबाला परवडतो.
- गॅस गीझर: बंद न्हाणीघरात कदापि नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि माणूस दार उघडण्याआधीच बेशुद्ध पडतो. बसवायचाच असेल तर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत.

न्हाणीघरं एकावर एक घ्या आणि गच्चीवरून येणारी गरम पाण्याची पाइप नायट्राइल फोमने झाका. पंधरा मीटर पाइपमध्ये तीन-चार लिटर गार पाणी अडकून असतं. गरम येईपर्यंत ते रोज वाया जातं.

‘सोलरवर सरकारी पैसे मिळतात ना?’ असं अनेक जण विचारतात. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेतलं अनुदान, म्हणजे १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये, हे वीज तयार करणाऱ्या पॅनलसाठी आहे. पाणी तापवणाऱ्या यंत्राला ते मिळत नाही. गच्चीवरची दक्षिणेची मोकळी जागा दोघांत कशी वाटायची ते नकाशावरच ठरवा.

खोली गरम करणारं यंत्र

- हॉट-अँड-कोल्ड इन्व्हर्टर एसी: बेडरूमला एसी घेणारच असाल तर हाच घ्या. बाहेरची उष्णता ओढून आत आणत असल्याने साध्या हीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या विजेत तेवढीच ऊब मिळते. इंदूरची थंडी त्याला सहज झेपते.
- ऑइल रेडिएटर: पेटती कांडी नाही, आवाज नाही. म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असलेल्या खोलीला बरा.
- ब्लोअर, रॉड हीटर: स्वस्त, लगेच तापतो. पडदा-रजईपासून दूर ठेवा. रात्रभर चालू नको.

‘आमचा हीटर कमी वीज खातो’ या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. तारेतून वीज जाळून ऊब देणारं कोणतंही यंत्र एका युनिटला सारखीच उष्णता देतं. फरक सुरक्षिततेत आणि आवाजात असतो.

आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका, निखारे विझत आले असले तरीही. दर हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतात यात कुटुंबंच्या कुटुंबं दगावतात. घरकामाला येणाऱ्या बाईंना, चौकीदाराला आणि तुमच्याच बांधकामावर झोपडीत राहणाऱ्या मजुरांनाही हे सांगा, आणि त्यांना पांघरुणं द्या.

वायरिंग भिंत बंद होण्याआधी

प्रत्येक बेडरूमला एसीसाठी आणि हीटरसाठी वेगळे १६ अँपिअरचे पॉइंट, ४ चौरस मिलिमीटर तांब्याची तार, स्वतंत्र एमसीबी. संपूर्ण घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा) आणि नीट अर्थिंग, कारण गीझरचा शॉक न्हाणीघरातच बसतो. सगळी यंत्रं बेरजेत धरून पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे मंजूर भार मागा.

लेखी काय घ्यायचं, हक्क कोणते

ठेकेदाराशी करारात ‘हीट प्रूफिंग करणे’ इतकंच लिहू नका. साहित्याचं नाव, जाडी, घनता, थरांचा क्रम आणि पाणी कोंडून केलेली चाचणी, हे सगळं लिहा. शीट साइटवर आल्या की पॅकिंग फोडण्याआधी जाडी मोजा आणि फोटो काढा. वर काँक्रीट पडल्यावर आत पन्नास होतं की पंचवीस, हे कुणालाच दाखवता येत नाही. गीझर-वायरवरचा आयएसआय परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो.

बिल्डरकडून घर घेत असाल तर रेरा नोंदणी बघा आणि माहितीपत्रक जपून ठेवा. ‘थर्मल इन्शुलेटेड रूफ’ असं त्यात छापलं असेल आणि प्रत्यक्षात नसेल, तर रेरा (स्थावर संपदा) कायद्याच्या कलम १२ नुसार खोट्या जाहिरातीची भरपाई मागता येते. कलम १४ (३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवल्यास बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. गच्चीची गळती यात येते. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधून घेतलं असेल तर रेरा लागू होत नाही, पण घरबांधणी ही ग्राहक कायद्याखाली सेवाच आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते, ५ लाखांपर्यंत शुल्कही लागत नाही. मुदत दोष उघड झाल्यापासून दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा. पक्की बिलं आणि ते फोटो तेव्हा हाताशी असू द्या.